पैशांच्या हिशोबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही? पासवर्ड, पिन आणि लॉक झालेल्या खात्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरखर्चाची एक्सेल फाइल, टॅली, मोबाईलवरचे खर्चाचे ॲप, नेटबँकिंग, आयकर पोर्टल. यातले काहीतरी ऐनवेळी उघडेनासे होते, आणि ते बहुधा जुलै किंवा मार्च महिन्यात होते. खालची उत्तरे पुण्यातल्या घरगुती वापरकर्त्यांसाठी आणि आई-वडिलांचे हिशोब सांभाळणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. सोसायटीच्या खजिनदारांनाही ती उपयोगी पडतील. प्रश्न कोणत्याही क्रमाने वाचा, पण पहिले तीन वाचल्याशिवाय कुठेही काही टाइप करू नका.

पासवर्ड चालत नाही. सगळ्यात आधी काय करायचे?

थांबायचे. ऑनलाइन खाते असेल तर चुकीचे प्रयत्न मोजले जातात आणि मर्यादा संपली की खाते लॉक होते. दोनदा चुकले असेल तर तिसरा प्रयत्न घाईत वाया घालवू नका. फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर असेल तर प्रयत्नांना सहसा मर्यादा नसते, पण तिथे धोका वेगळा असतो. गोंधळात फाइल डिलीट होते किंवा ॲप काढून पुन्हा टाकले जाते. म्हणून फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि जे काही करून बघायचे ते त्या प्रतीवरच करा. मूळ फाइलला हात लावू नका.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी घेत नाही. असे कसे?

हे फार वेळा होते, आणि कारण बहुतेकदा कीबोर्डमध्ये सापडते. ठिपक्यांच्या चौकटीत काय उमटते आहे ते दिसत नाही. म्हणून आधी नोटपॅड उघडून पासवर्ड तिथे टाइप करा आणि डोळ्यांनी तपासा. नंतर तो मजकूर सेव्ह न करता बंद करा.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी आधी भाषा बघावी. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि स्पेस एकत्र दाबले की भाषा बदलते, आणि हे नकळतही होते. मराठी इनपुट चालू राहिला तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी जाते. काही मांडण्यांत आकडेही देवनागरी उमटतात. आपल्याला ५ आणि इंग्रजी पाच सारखेच वाटतात, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी चिन्हे आहेत. पासवर्डच देवनागरीत ठेवला असेल तर आणखी एक अडचण येते. ‘ऱ्य’सारखे जोडाक्षर एक कीबोर्ड एका पद्धतीने साठवतो आणि दुसरा दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही सारखे दिसले तरी पासवर्ड म्हणून ते वेगळे ठरतात. अशा वेळी पासवर्ड ज्या मशीनवर ठेवला होता, त्याच मशीनवर आणि त्याच कीबोर्डने टाइप करून बघा. पुढच्या वेळी मात्र पासवर्ड इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

मोबाईलवर तीन गोष्टी तपासा. कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप मोठे करतो. सुचवलेला शब्द निवडला की त्यामागे एक रिकामी जागा येते. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पासवर्डलाही अशीच जागा चिकटून येते. लॅपटॉपवर कॅप्स लॉक आणि नम लॉक हे जुने गुन्हेगार आहेतच.

आपल्याला कोणते कुलूप लागले आहे ते कसे ओळखायचे?

पुढचे सगळे याच उत्तरावर ठरते, म्हणून हे नीट समजून घ्या.

पहिला प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे खाते. बँक, आयकर पोर्टल आणि ब्रोकर यात येतात. इथे पासवर्ड गेला तरी माहिती जात नाही. तुम्ही कोण आहात हे सिद्ध केले की नवा पासवर्ड मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे नुसती अडवणूक. एक्सेलमधले शीट प्रोटेक्शन, बऱ्याच मोबाईल ॲप्सचा चार आकडी पिन. मागचा डेटा बहुधा उघडाच असतो, समोर फक्त दार लावलेले असते. तिसरा प्रकार म्हणजे एन्क्रिप्शन. इथे डेटाच पासवर्डच्या आधारे बदलून ठेवलेला असतो. टॅलीव्हॉल्ट (टॅलीतली कंपनीची माहिती कुलूपबंद करण्याची सोय), उघडण्याचा पासवर्ड लावलेली एक्सेल फाइल आणि कीपास या पासवर्ड मॅनेजरची फाइल या प्रकारात येतात. इथे ओळखपत्र चालत नाही आणि कंपनीला फोन करूनही उपयोग नसतो, कारण पासवर्ड कंपनीकडेही नसतो.

लोकांचे नुकसान होते ते प्रकार चुकीचा ओळखल्यामुळे. दुसऱ्या प्रकारात घाबरून सगळा हिशोब पुन्हा लिहायला घेतात आणि तिसऱ्या प्रकारात ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊन बसतात.

एक्सेल फाइल उघडते, पण आकडे बदलता येत नाहीत. पासवर्ड मागते.

हा दुसरा प्रकार आहे. सोसायटीचा खजिनदार बदलला की हा प्रश्न हमखास येतो. फाइल तुमची किंवा तुमच्या ताब्यात रीतसर आलेली असेल, तर हे करा.

आधी फाइलची प्रत घ्या. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसतील असे करा. ते लपलेले असले तर नाव बदलूनही प्रकार बदलत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. प्रतीच्या नावातले शेवटचे एक्सएलएसएक्स काढून तिथे झिप लिहा. झिप उघडा, आत ‘एक्सएल’ फोल्डर आणि त्यात ‘वर्कशीट्स’ फोल्डर आहे. तिथे प्रत्येक शीटची एक एक्सएमएल फाइल असते. हवी ती बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘शीटप्रोटेक्शन’ हा शब्द इंग्रजीत शोधा. ज्या कोनी कंसात तो आहे तो पूर्ण कंस, सुरुवातीच्या चिन्हापासून शेवटच्या चिन्हापर्यंत, पुसा आणि सेव्ह करा. ही फाइल ओढून त्याच झिपमध्ये, त्याच फोल्डरमध्ये जुनीच्या जागी टाका. मग नाव पुन्हा एक्सएलएसएक्स करा.

‘फाइल खराब आहे’ असा संदेश आला, तर तुम्ही झिप पूर्ण उलगडून बाहेरच्या फोल्डरसकट पुन्हा बांधली असण्याची दाट शक्यता आहे. एक्सेलला आतल्या गोष्टी झिपच्या अगदी वरच्या पातळीवर लागतात. म्हणून उलगडू नका, एकच फाइल बदला. आणि नाव बदलल्यावर झिप मुळात उघडलीच नाही, तर फाइल एन्क्रिप्ट केलेली आहे. तुमचा प्रश्न खालचा.

एक्सेल फाइल उघडण्याचाच पासवर्ड विसरलो. काही आशा?

फाइल कोणत्या काळातली आहे यावर ते अवलंबून आहे. एक्सएलएस या जुन्या प्रकारात, म्हणजे एक्सेल ९७ ते २००३ च्या फाइलींत, नेहमीचे एन्क्रिप्शन ४० बिटांचे होते. त्यात एकूण किल्ल्या सुमारे १.१ लाख कोटी. आजच्या कॉम्प्युटरला सगळ्या तपासून बघणे शक्य आहे, मग पासवर्ड कितीही लांब असो. एक्सेल २००७ पासून एईएस हे जास्त मजबूत एन्क्रिप्शन आले. २०१३ पासूनच्या आवृत्त्यांत एक पासवर्ड तपासायला हॅशिंगची, म्हणजे पासवर्डचे गणिती रूप काढण्याची, तीच क्रिया एक लाख वेळा करावी लागते. हे मुद्दाम केले आहे, म्हणजे अंदाज लावणाऱ्याचा वेग पडतो.

सेकंदाला १,००० पासवर्ड तपासले जातात असे धरू. आठ लहान इंग्रजी अक्षरांचा, काहीही आठवत नसलेला पासवर्ड असेल तर शक्यता सुमारे २०,८८२ कोटी. सगळ्या तपासायला साडेसहा वर्षे लागतील. आता समजा तुम्हाला एवढे आठवते: तीन शब्दांपैकी एक, पहिले अक्षर मोठे किंवा लहान, मध्ये ॲटचे चिन्ह आहे किंवा नाही आणि शेवटी चार आकडे. शक्यता झाल्या ३ × २ × २ × १०,०००, म्हणजे १,२०,०००. त्याच वेगाने दोन मिनिटांचे काम. म्हणून सॉफ्टवेअर शोधण्याआधी कागद घ्या. त्या वर्षी वापरात असलेले पासवर्ड, गाडीचा नंबर, जुन्या फोनचे शेवटचे आकडे, मुलांच्या तारखा, सगळे लिहून काढा. हॅशकॅट आणि जॉन द रिपर ही पासवर्ड शोधणारी मोफत साधने अशा ठरावीक नमुन्यांवर चालवता येतात.

त्याहून सोपी वाटही आधी बघा. पासवर्ड लावण्यापूर्वीची प्रत कुठे आहे का? सीएला मागच्या जुलैत पाठवलेला ईमेल, जुना लॅपटॉप, पेनड्राइव्ह. फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. पासवर्ड गेल्या आठवड्यात लावला असेल तर ही मुदत संपायच्या आत उतरवून घ्या. सुटका बहुतेकदा याच वाटेने होते.

तापकीर गल्लीत किंवा टिळक रोडला दुकानदार ‘काढून देतो’ म्हणतात. द्यावे का?

लॅपटॉप कधीही देऊ नका. त्यात तुमच्या ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि पॅन-आधारच्या प्रती असतात. द्यायचेच असेल तर फाइलचा फक्त हॅश द्या. जॉन द रिपरसोबत येणारी ऑफिस टू जॉन ही छोटी स्क्रिप्ट फाइलमधून तो काढते. त्यात तुमचे आकडे नसतात, फक्त पासवर्ड तपासायला लागणारी माहिती असते. पासवर्ड सापडला तर दुकानदार तुम्हाला सांगेल आणि फाइल तुम्ही घरी उघडाल. हॅश म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावे लागते, त्याच्याकडून हे काम होणार नाही. टॅलीव्हॉल्टची हमी देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

ग्नूकॅश हे हिशोबाचे मोफत सॉफ्टवेअर म्हणते की फाइलला लॉक मिळाले नाही. मी तर पासवर्ड ठेवलाच नव्हता.

बरोबर आहे, ग्नूकॅशच्या फाइलला पासवर्ड नसतोच. प्रोग्रॅम चालू असताना त्याच फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी एलसीके असलेली छोटी फाइल तयार होते, म्हणजे एकाच वेळी दोघांनी लिहू नये. लाइट गेली किंवा प्रोग्रॅम अचानक बंद पडला की ती तशीच राहते. ग्नूकॅश दुसऱ्या खिडकीत किंवा घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडे नाही याची खात्री करा आणि मग ‘ओपन एनीवे’ निवडा. खात्री नसेल तर रीड-ओन्ली उघडून बघा. फोल्डरमध्ये तारीख-वेळ जोडलेल्या जुन्या प्रतीही असतात. मूळ सेटिंग न बदलल्यास त्या ३० दिवस ठेवल्या जातात.

मनी मॅनेजर ईएक्स या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचे काय?

फाइल एमएमबी प्रकारची असेल तर पासवर्ड नाही. ईएमबी असेल तर ती एन्क्रिप्टेड आहे आणि पासवर्डशिवाय उघडत नाही.

जुन्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट मनी या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची फाइल आहे. ती ऑनलाइन साइन-इन मागते.

मायक्रोसॉफ्टने मनीची विक्री २००९ च्या जूनअखेर थांबवली. नंतर मनी प्लस सनसेट ही मोफत आवृत्ती दिली, तिला ऑनलाइन ॲक्टिव्हेशन लागत नाही. फाइलची प्रत घेऊन ती सनसेटमध्ये उघडून बघा. उघडली तर त्याच दिवशी सगळी खाती क्यूआयएफ प्रकारात निर्यात करा. तो प्रकार ग्नूकॅश वाचते.

टॅलीत कंपनीच्या नावाऐवजी चांदण्या दिसतात.

तो टॅलीव्हॉल्ट आहे. पासवर्ड टाकेपर्यंत नावही दिसत नाही. हा पासवर्ड परत मिळवण्याची सोय टॅली देत नाही. लहान-मोठी अक्षरे वेगळी धरली जातात, म्हणून कॅप्स लॉक दोन्ही प्रकारे करून बघा. व्हॉल्ट लावण्याआधीचा बॅकअप शोधा, आणि हिशोबनीस बदलला असेल तर जुन्या हिशोबनीसाला विचारा.

नाव दिसते पण पुढे युजरनेम आणि पासवर्ड मागतो, तर तो वेगळा प्रकार आहे. तिथे कंपनीचा ॲडमिन इतरांचे पासवर्ड बदलू शकतो. घरगुती धंद्यात ॲडमिन म्हणून बहुतेकदा हिशोबनीसच नोंदलेला असतो. ते हक्क मालकाच्या हातात हवेत, आणि हा बदल हिशोबनीस नोकरीवर असतानाच करायचा असतो.

मोबाईलवरच्या खर्चाच्या ॲपचा पिन विसरले. ॲप काढून पुन्हा टाकू का?

नको. डेटा फक्त फोनमध्ये असेल तर ॲपबरोबर तोही जाईल. अँड्रॉइडच्या सेटिंगमधले ‘क्लिअर डेटा’ही तेच करते. ‘क्लिअर कॅशे’ने डेटा जात नाही, पण पिनही जात नाही. आधी बोटाच्या ठशाने उघडते का बघा, मग पिनच्या पानावर ‘फरगॉट’ आहे का ते. त्यानंतर ॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर किंवा फोनच्या फोल्डरमध्ये आहे का शोधा. तो कोणत्या तारखेचा आहे ते बघा आणि दुसऱ्या फोनवर उतरवून उघडतो का तपासा. बॅकअप चालतो हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पहिल्या फोनमधले ॲप काढा.

बँकेचे किंवा म्युच्युअल फंडाचे स्टेटमेंट पीडीएफ पासवर्ड मागते. मी तर ठेवला नव्हता.

तो पाठवणाऱ्याने तुमच्या माहितीवरून बनवलेला असतो. बँकांचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते त्याच ईमेलच्या मजकुरात लिहिलेले असतात. नेहमी लागणारे काही असे:

एनएसडीएल आणि सीडीएसएल या डिपॉझिटरींकडून (डिमॅट खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडून) येणारे एकत्रित स्टेटमेंट: पॅन, मोठ्या अक्षरांत. संयुक्त खात्यात पहिल्या धारकाचा.
कॅम्स किंवा केफिनटेक या म्युच्युअल फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून मागवलेले: मागवताना तुम्ही स्वतः दिलेला पासवर्ड. विसरलात तर नवे मागवा.
आयकर पोर्टलवरचे एआयएस (वर्षभरातल्या व्यवहारांचे विवरण): पॅन लहान अक्षरांत, लगेच पुढे जन्मतारीख आठ आकडी, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष.
ई-आधार: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठी, पुढे जन्मवर्ष.

पॅन एका ठिकाणी मोठ्या अक्षरांत आणि दुसऱ्या ठिकाणी लहान, इथेच बहुतेकांची गाडी अडते. जन्मतारीख चालत नसेल तर त्या संस्थेकडे नोंदलेली तारीख बघा. आधीच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि खरी तारीख वेगळी असणे नेहमीचे आहे.

नेटबँकिंग लॉक झाले. पैसे अडकले का?

नाही. खाते चालूच असते, बंद झाला तो एक रस्ता. चेक, एटीएम, यूपीआय आणि शाखा चालू राहतात. चुकीच्या प्रयत्नांमुळे लागलेले लॉक बऱ्याच बँकांत ठरावीक वेळाने आपोआप सुटते. घाई असेल तर ‘फरगॉट पासवर्ड’मधून डेबिट कार्डाची माहिती आणि ओटीपी देऊन नवा पासवर्ड ठेवा. स्टेट बँकेत लॉगिन पासवर्ड आणि प्रोफाइल पासवर्ड वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरा टाकून खाते लॉक होते, एवढे तपासा.

यूपीआय पिन बहुधा तीन चुकांनंतर २४ तास बंद राहतो. नवा पिन ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. कार्ड नसेल आणि बँक ती सोय देत असेल, तर आधार ओटीपीनेही पिन ठेवता येतो.

ओटीपीच येत नाही.

सिम नुकते बदलले आहे का? नवे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. सिम चोराच्या हाती लागले तर पैसे वाचावेत म्हणून हा नियम आहे. उद्यापर्यंत थांबा, पुन्हा पुन्हा ओटीपी मागवून खाते लॉक करून घेऊ नका.

दुसरे कारण बंद पडलेला नंबर. खात्याला जोडलेले जुने प्रीपेड सिम रिचार्जविना ड्रॉवरमध्ये पडून राहते. ९० दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे. शाखेत जाऊन नंबर बदलणे एवढाच उपाय आहे.

तिसरे, आई-बाबांच्या खात्याला परदेशातल्या मुलाचा नंबर. पुण्यात हे घरोघरी दिसते. तिकडे रात्र असते आणि इकडे ओटीपीची मुदत संपते. खाते ज्याचे, नंबर त्याचाच ठेवा.

ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड चुकीचा दाखवते.

फोनचे घड्याळ बघा. कोड वेळेवरून बनतो आणि सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो. घड्याळ दोन मिनिटे पुढे-मागे असेल तर कोड बाद होतो. तारीख आणि वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. फोन बदलताना जुना फोन विकण्याआधी कोड नव्या फोनवर हलवा.

आयकर पोर्टलचा पासवर्ड बदलायचा आहे, पण ओटीपी जुन्या सीएच्या फोनवर जातो.

वर्षानुवर्षे रिटर्न भरताना सल्लागाराचाच नंबर आणि ईमेल टाकला गेलेला असतो. दोन मार्ग आहेत. पॅन आधारला जोडलेले असेल आणि आधारवर तुमचा चालू नंबर असेल, तर आधार ओटीपीने पासवर्ड बदला. नाहीतर स्वतःच्या बँकेच्या नेटबँकिंगमधून आयकर पोर्टलवर जा. तिथे पोर्टलचा पासवर्ड लागत नाही. आत गेल्यावर पहिले काम म्हणजे प्रोफाइलमधला प्राथमिक मोबाईल आणि ईमेल बदलणे. आधारवरचा नंबरही जुना असेल तर आधी आधार केंद्रावर तो बदलावा लागेल. म्हणून हे काम रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

गूगलवर हेल्पलाइन नंबर मिळाला. फोन करू?

शोधून मिळालेल्या नंबरवर करू नका. लॉक झालेला माणूस घाईत असतो आणि भामटे त्याचीच वाट बघत असतात. नंबर कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा बँकेच्या संकेतस्थळावरचाच घ्या. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हे खास डोमेन वापरायला लावले आहे, पत्त्याचा शेवट तसाच आहे ना ते बघा. एनीडेस्कसारखे, तुमचा फोन दुरून चालवू देणारे ॲप टाकायला सांगितले की फोन ठेवा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

घरातली व्यक्ती गेली. त्यांचे पासवर्ड कुणालाच माहीत नाहीत.

पासवर्ड शोधू नका, त्यांची गरज नाही. माहीत असले तरी त्यांच्या नावाने लॉगिन करून पैसे काढू नका. पुढे वारसांत वाद झाला तर तेच अंगाशी येते. महापालिकेचा मृत्यू दाखला घ्या, मूळ प्रती थोड्या जास्त घ्या. संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर हयात धारक ते चालवू शकतो. एकट्याचे खाते असेल तर नॉमिनीने दाखला, स्वतःचे ओळखपत्र आणि क्लेम फॉर्म शाखेत द्यावा. गेलेल्या व्यक्तीचे रिटर्न भरायचे असेल तर वारसाने स्वतःच्या आयकर लॉगिनमधून कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी.

कोणत्या संस्थांत खाती होती हे पासबुकातल्या नोंदींवरून आणि घरी आलेल्या पत्रांवरून कळते. डिमॅट आणि फंडांची यादी डिपॉझिटरीच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये सापडते.

पासवर्ड वहीत लिहून ठेवणे चूक आहे का?

घरच्या कपाटात, कुलपात ठेवलेल्या वहीला आमची हरकत नाही. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवण्यापेक्षा वही बरी. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर त्याचा मुख्य पासवर्ड मात्र कागदावर हवाच, कारण तो विसरला तर पुढचे सगळे बंद.

वहीत प्रत्येक खात्याला एक पान द्या आणि त्यावर हे लिहा: संस्थेचे नाव, युजर आयडी, जोडलेला मोबाईल आणि ईमेल, नॉमिनी, ऑथेंटिकेटर असल्यास कोणत्या फोनवर आहे, आणि त्या वेळी मिळालेले रिकव्हरी कोड. एन्क्रिप्टेड फाइल असेल तर बॅकअप कुठे आहे आणि शेवटचा कधी उघडून बघितला तेही लिहा. एटीएम आणि यूपीआयचा पिन वहीत लिहू नका, ते शाखेतून किंवा फोनवर नव्याने ठेवता येतात. वही कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या.